अटक झाली तर पहिल्या २४ तासांत कायदा तुमच्यासाठी काय करतो?

"पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?"

अटक केलेल्या माणसाला पहिल्यांदा कोर्टात उभं केलं जातं, तेव्हा मॅजिस्ट्रेटने त्याला हा प्रश्न विचारणं अपेक्षित असतं. बहुतेकदा उत्तर एका शब्दात येतं, "नाही". मागे पोलीस उभे असतात आणि पुढचे काही दिवस त्यांच्याच कोठडीत काढायचे असतात. त्यामुळे प्रश्न आणि उत्तर दोन्ही काही सेकंदांत संपतात.

पण हा प्रश्न असाच आलेला नाही. त्यामागे मुंबईच्या तुरुंगातल्या महिला कैदी, एका पत्रकाराचं पत्र आणि सुप्रीम कोर्टाचा १९८३ चा निकाल आहे. अटकेच्या वेळी मिळणाऱ्या जवळपास प्रत्येक अधिकारामागे अशी एखादी गोष्ट सापडते. हे अधिकार गुन्हेगारांचे लाड नाहीत. अटक झालेला प्रत्येक माणूस दोषी नसतो. तो दोषी आहे की नाही, हे पोलीस ठाण्यात नाही तर कोर्टात ठरतं.

हे अधिकार नेमके कोणते आणि ते पाळले गेले नाहीत तर काय करायचं, हे समजून घेऊया.

संविधानात काय म्हटलंय?

अटकेसंदर्भात संविधानातली तीन कलमं महत्त्वाची आहेत.

- कलम २१ : कायद्याने ठरवून दिलेल्या पद्धतीशिवाय कुणाचंही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही.
- कलम २२ : अटकेची कारणं लवकरात लवकर कळवली पाहिजेत. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे. अटकेपासून २४ तासांच्या आत जवळच्या मॅजिस्ट्रेटसमोर हजर केलं पाहिजे.
- कलम २० (३) : कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही.

यातलं कलम २२ मूळ मसुद्यात नव्हतं. कलम २१ मधून 'योग्य प्रक्रिया' या अर्थाचे शब्द काढून त्याजागी 'कायद्याने प्रस्थापित प्रक्रिया' असे शब्द आले. संसदेने एखादा कठोर कायदा केला तर नागरिकाला संरक्षण काय, अशी चिंता संविधान सभेत अनेकांनी बोलून दाखवली होती. ती लक्षात घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये हे नवं कलम सभेपुढे मांडलं. त्यामुळे २४ तासांची अट फक्त फौजदारी कायद्यात राहिली नाही, ती मूलभूत हक्क बनली.

प्रत्येक गुन्ह्यात अटक होतेच का?

नाही. गुन्हा दाखल झाला म्हणजे अटक झालीच पाहिजे, हा मोठा गैरसमज आहे.

१ जुलै २०२४ पासून देशात जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ३५ नुसार, सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे, याची कारणं पोलिसांना लेखी नोंदवावी लागतात. आरोपी पुरावे नष्ट करेल, साक्षीदारांना धमकावेल, पुन्हा गुन्हा करेल किंवा तपासासाठी सापडणार नाही, अशा स्वरूपाची ही कारणं असावी लागतात. तसं काही नसेल तर पोलीस 'चौकशीला हजर राहा' अशी नोटीस देतात. नोटीस मिळालेला माणूस ठरल्याप्रमाणे हजर राहत असेल, तर त्याला सहसा अटक करता येत नाही. तरीही करायची असेल, तर त्याची कारणं नोंदवावी लागतात.

२०१४ च्या अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या निकालात सुप्रीम कोर्टाने यावर जोर दिला. कारण नसताना अटक करणाऱ्या पोलिसांवर विभागीय कारवाई आणि कोर्टाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते, असं कोर्टाने सांगितलं. डोळे झाकून कोठडी देणाऱ्या मॅजिस्ट्रेटवरही हायकोर्टाकडून कारवाई होऊ शकते, हेही त्यात स्पष्ट केलं.

नव्या संहितेत आणखी एक तरतूद आली आहे. गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी असेल आणि आरोपी आजारी-अशक्त किंवा साठीच्या पुढचा असेल, तर किमान डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय अटक करता येत नाही.

नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर?

जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सर्व राज्यांना स्पष्ट सांगितलं की, हजर राहण्याची ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅप किंवा तशा इतर इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावता येणार नाही. ती कायद्यात दिलेल्या पद्धतीनेच द्यावी लागेल.

हे माहीत असणं आणखी एका कारणासाठी गरजेचं आहे. 'डिजिटल अरेस्ट' या नावाखाली अनेकांना लुबाडलं जातंय. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो, मागे पोलीस ठाण्यासारखा सेट असतो, "कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कुणाला सांगू नका" असं बजावलं जातं आणि पैसे वळते करायला लावले जातात. भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा कोणताही प्रकार नाही. खऱ्या अटकेत घरच्यांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक असतं. "कुणाला सांगू नका" असं कुणी म्हणत असेल, तर ती अटक नाही, फसवणूक आहे. फोन ठेवायचा आणि लगेच १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करायची.

अटक होताना पोलिसांनी काय करायला हवं?

- अटक करणाऱ्या पोलिसाच्या नावाची पट्टी स्पष्ट दिसेल अशी असावी.
- अटकेचा पंचनामा तिथेच तयार व्हावा. त्यावर तारीख आणि वेळ असावी. घरातला सदस्य किंवा त्या भागातला प्रतिष्ठित माणूस साक्षीदार म्हणून सही करतो आणि अटक झालेल्या माणसाचीही सही घेतली जाते.
- नातेवाईक, मित्र किंवा आरोपी सांगेल त्या व्यक्तीला अटकेची आणि कुठे ठेवलंय याची माहिती द्यावी. कुणाला कळवलं, याची पोलीस ठाण्यात नोंद व्हावी.
- गुन्हा जामीनपात्र असेल तर 'तुम्हाला जामिनाचा हक्क आहे' हे पोलिसांनी स्वतःहून सांगावं.
- चौकशीदरम्यान वकिलाला भेटू द्यावं. मात्र संपूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसून राहू शकत नाही.
- अटकेनंतर लवकरात लवकर डॉक्टरांकडून तपासणी व्हावी. अंगावर जखमा असतील तर त्या अहवालात लिहिल्या जातात आणि अहवालाची प्रत आरोपीला किंवा त्याने सुचवलेल्या व्यक्तीला मिळते.

सही करताना पंचनाम्यावरची वेळ नक्की बघा. सकाळी नऊला उचललं आणि अटक रात्री नऊची दाखवली, तर मधले बारा तास कागदावर कुठेच राहत नाहीत. '२४ तास' मोजायचे कुठून, हा वाद इथूनच सुरू होतो.

महिलांसाठी वेगळे नियम कोणते?

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यावी लागते. महिलेची झडती महिलेनेच घ्यायची असते. वैद्यकीय तपासणीही महिला डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखाली व्हावी लागते.

साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल, तर महिलेला तिच्या राहत्या घराशिवाय इतर ठिकाणी येण्याची सक्ती करता येत नाही. १५ वर्षांखालील मुलं, ६० वर्षांवरील पुरुष, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्तींनाही ही सवलत आहे.

अटकेची कारणं लेखी मिळतात का?

'कारणं सांगितली' असं पोलीस कोर्टात म्हणायचे आणि 'कुणी काही सांगितलंच नाही' असं आरोपी म्हणायचा. हा वाद वर्षानुवर्षं चालत आला. गेल्या काही वर्षांत सुप्रीम कोर्टाने तो बराचसा मिटवलाय.

२०२३ च्या पंकज बन्सल प्रकरणात ईडीने अटकेची कारणं लेखी द्यावीत, असं कोर्टाने सांगितलं. २०२४ मध्ये प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात यूएपीए कायद्याखालच्या अटकेलाही हाच नियम लागू झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्या वरळीच्या हिट अँड रन प्रकरणातून आलेल्या निकालाने हा नियम सर्व गुन्ह्यांपर्यंत नेला. कारणं लेखी द्यायची आणि तीही आरोपीला समजेल अशा भाषेत, असं कोर्टाने म्हटलं. घटनास्थळीच लेखी देणं शक्य नसेल, तर आधी तोंडी सांगायचं आणि रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात द्यायचा. हे पाळलं नाही तर अटक बेकायदा ठरू शकते.

भाषेचा मुद्दा महाराष्ट्रात छोटा नाही. फक्त गोंडी किंवा कोरकू समजणाऱ्या माणसाला मराठी टाईप केलेला कागद देणं, म्हणजे कारण कळवणं नव्हे.

मुंबईच्या तुरुंगातून आलेला प्रश्न

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊया.

पत्रकार शीला बारसे यांनी मे १९८२ मध्ये मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात १५ महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसे यांनी हे सुप्रीम कोर्टाला पत्राने कळवलं. कोर्टाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांना तुरुंगात जाऊन कैद्यांशी बोलायला सांगितलं.

फेब्रुवारी १९८३ मध्ये न्या. पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने शीला बारसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात निर्देश दिले. महिलांसाठी स्वतंत्र लॉकअप असावं आणि तिथे महिला पोलीस असाव्यात. महिलांची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी. अटकेची माहिती कायदेशीर मदत देणाऱ्या समितीला लगेच दिली जावी. आणि मॅजिस्ट्रेटने हजर केलेल्या प्रत्येक आरोपीला दोन गोष्टी कराव्यात : कोठडीत छळ झाल्याची तक्रार आहे का, हे विचारावं आणि वैद्यकीय तपासणी मागण्याचा त्याचा हक्क त्याला सांगावा.

म्हणजे मॅजिस्ट्रेटचा तो प्रश्न कोर्टाच्या रोजच्या कामातली औपचारिकता नाही. मार लागला असेल तर तो सांगण्याची ती पहिली अधिकृत जागा आहे. "हो, तक्रार आहे" असं म्हटलं, तर ते नोंदवून वैद्यकीय तपासणीचा आदेश देता येतो. जखम वाळण्याआधी झालेली ती नोंद पुढे पुरावा ठरते.

डी. के. बसू निकाल काय आहे?

ऑगस्ट १९८६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक मदत संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. कोठडीतल्या मृत्यूंच्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या त्यांनी सोबत जोडल्या होत्या. तेही पत्र याचिका झालं. सुप्रीम कोर्टाने सर्व राज्यांकडून उत्तरं मागवली आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला.

त्यात कोर्टाने अटकेसाठी ११ नियम घालून दिले. नावाची पट्टी, अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला माहिती, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, वकिलाची भेट, जिल्हा पातळीवर नियंत्रण कक्ष, सगळ्या कागदांच्या प्रती मॅजिस्ट्रेटला, असे हे नियम होते. नंतर कायद्यात दुरुस्त्या होऊन त्यातले बरेच नियम संहितेत आले आणि आज ते नव्या संहितेतही आहेत.

त्याआधी १९९३ मध्ये ओडिशातल्या एका आईच्या पत्रावरून आणखी एक महत्त्वाचा निकाल आला होता. पोलिसांनी नेलेल्या तिच्या २२ वर्षांच्या मुलाचा मृतदेह दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळांवर सापडला होता. नीलबती बेहेरा नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात कोर्टाने सरकारला दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली. मूलभूत हक्क मोडला तर सरकारलाच भरपाई द्यावी लागेल, हे तत्त्व या निकालाने पक्कं केलं.

कोठडीत दिलेला कबुलीजबाब चालतो का?

"आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली" ही बातमी रोज वाचायला मिळते. कायद्याच्या दृष्टीने तिला फारसं वजन नसतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ नुसार पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्या माहितीवरून हत्यार किंवा चोरीचा माल सापडला, तर तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. कबुली नोंदवायचीच असेल तर ती मॅजिस्ट्रेटसमोर, स्वेच्छेने द्यावी लागते. मकोकासारख्या विशेष कायद्यात मात्र पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली काही अटींवर चालते.

कबुली काढण्यासाठी मारहाण करणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० नुसार त्यासाठी सात वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापत केल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

इतके नियम असूनही प्रश्न का सुटत नाही?

पहिलं कारण, छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण अजून त्याला मान्यता दिलेली नाही. २०१० मध्ये छळ प्रतिबंधक विधेयक लोकसभेत मंजूर झालं, पण त्याचा कायदा झाला नाही. २०१७ मध्ये विधी आयोगाने आपल्या २७३ व्या अहवालात असा कायदा करण्याची शिफारस केली. तीही कागदावरच आहे.

दुसरं कारण पुराव्याचं. कोठडीत काय घडलं, हे पाहणारे बहुतेक वेळा पोलीसच असतात. म्हणून २०२० मध्ये परमवीर सिंह सैनी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाज टिपणारे आणि अंधारातही दिसणारे सीसीटीव्ही बसवायला सांगितले. चित्रण किमान एक वर्ष जपून ठेवायला सांगितलं. तरी सप्टेंबर २०२५ मध्ये पोलीस ठाण्यांतल्या बंद कॅमेऱ्यांची कोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

तिसरं, नव्या संहितेतले काही बदल. पूर्वी पोलीस कोठडी अटकेनंतरच्या पहिल्या १५ दिवसांतच मिळायची. आता एकूण १५ दिवसच, पण ते गुन्ह्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी मागता येतात. तपासाला यामुळे मदत होते, असं समर्थक म्हणतात. न्यायालयीन कोठडीत गेलेल्या माणसाला पुन्हा पोलिसांच्या ताब्यात जाण्याची भीती राहते, असं विरोधक म्हणतात. बेड्यांचंही तसंच. १९८० च्या प्रेमशंकर शुक्ला निकालाने सरसकट बेड्या घालणं अमानुष ठरवलं होतं. नव्या कायद्यात खून, बलात्कार, दहशतवाद, संघटित गुन्हेगारी अशा प्रकरणांत बेड्या घालण्याची तरतूद आली आहे.

महाराष्ट्रातलं ताजं उदाहरण परभणीचं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर तिथे आंदोलन पेटलं. त्यात अटक झालेल्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. जुलै २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सुप्रीम कोर्टाने तो कायम ठेवला. हा आदेश मिळवण्यासाठी त्याच्या आईला हायकोर्टाचं दार ठोठवावं लागलं. मृत्यूपासून आदेशापर्यंत सहा महिन्यांहून जास्त काळ गेला.

तक्रार कुठे करायची?

- मॅजिस्ट्रेट : पहिल्याच हजेरीला. कोठडीत मृत्यू झाला तर मॅजिस्ट्रेटमार्फत चौकशी बंधनकारक आहे.
- हायकोर्ट : कुणाला बेकायदा डांबून ठेवलं असेल तर हेबियस कॉर्पस याचिका करता येते.
- राष्ट्रीय किंवा राज्य मानवी हक्क आयोग : घटनेपासून एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. त्यासाठी शुल्क नाही. आयोग चौकशी करून भरपाई आणि कारवाईची शिफारस करतो, स्वतः शिक्षा देत नाही. महाराष्ट्र राज्य आयोगाचं कार्यालय मुंबईत आहे.
- पोलीस तक्रार प्राधिकरण : प्रकाश सिंह प्रकरणातल्या २००६ च्या निकालानंतर पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी ही यंत्रणा आली.
- जिल्हा विधी सेवा प्राधिकरण : कोठडीतल्या कोणत्याही व्यक्तीला मोफत वकील मिळतो. त्यासाठी वेगळी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.

घरच्यांनी पहिल्या काही तासांत काय करावं?

१. कुठल्या पोलीस ठाण्याने नेलं, अधिकाऱ्याचं नाव काय आणि नेलं तेव्हा किती वाजले होते, हे लगेच लिहून ठेवा.
२. 'चौकशीला नेलंय' असं उत्तर मिळालं तर विचारा, अटक केली आहे की नाही? अटक नसेल तर माणसाला थांबवून ठेवता येत नाही.
३. प्रत्येक जिल्ह्यात आणि पोलीस ठाण्यात अटकेची माहिती देण्यासाठी एक अधिकारी नेमलेला असतो. त्याचं नाव विचारा.
४. गुन्हा क्रमांक, कलमं आणि अटकेच्या लेखी कारणांची प्रत मागा.
५. वकील नसेल तर १५१०० वर फोन करा.
६. कोर्टात कधी नेणार, हे विचारून तिथे हजर राहा. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही रिमांडसाठी मॅजिस्ट्रेट उपलब्ध असतात. '२४ तासांत सुट्टी धरत नाहीत' हे कारण चालत नाही. या मुदतीतून फक्त प्रवासाला लागणारा वेळ वगळला जातो.

एक अपवाद लक्षात ठेवायला हवा. एमपीडीए किंवा राष्ट्रीय सुरक्षा कायद्यासारख्या प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेच्या कायद्यांना कलम २२ मधला २४ तासांचा नियम लागू होत नाही. तिथे सल्लागार मंडळाची वेगळी प्रक्रिया असते.

हे सगळं माहीत असलं म्हणजे त्रास होणारच नाही, असं नाही. पण मार लागलेला असताना मॅजिस्ट्रेटच्या प्रश्नाला "नाही" म्हटलं, की ते उत्तर कोर्टाच्या कागदावर जातं आणि पुढे ते खोडून काढणं अवघड होतं. "हो" म्हणण्याची हिंमत यायला बाहेर कुणीतरी उभं आहे, वकील आहे आणि कायदा काय म्हणतो हे ठाऊक आहे, एवढं त्या माणसाला माहीत असावं लागतं.